कर्ण्याचा लाल

९ जानेवारी

आज कर्णा पक्षी आला. बुटांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. झाकण काढलं. चहात दूध जास्त पडावं तसा छातीचा रंग. पोटाखाली तर नुसता मळकट. हा कर्णा?

संग्रहालयातली जंगलाची खोली एप्रिलमध्ये नव्याने उघडायची आहे. झाडं नवी, पानं नवी, मागचा पडदा नवा — पक्षी मात्र तेच. पेंढा भरलेले, काचेच्या डोळ्यांचे, वर्षानुवर्षं उजेडात उभे राहून विटलेले. पिसांना रंग द्यायचं काम मी तिथे जन्मभर केलं. निवृत्त झाले त्यालाही आता बराच काळ लोटला. पण दुसरं कोणी मिळेना, म्हणून मॅडमनी बोलावून घेतलं. मॅडम म्हणजे तिथल्या नव्या प्रमुख. माझ्या लेकीच्या वयाच्या. भराभर बोलतात, भराभर चालतात. घुबड झालं, सुतार झाला, तांबट झाला. हा शेवटचा.

"हा लवकर होईल, ताई. छोटासा तर आहे," म्हणाल्या.

छोटा कुठला? शेपटीसकट मोजला तर वीतभराहून मोठा. एवढी वर्षं काचेमागेच होता, माझ्या हातात कधी आला नव्हता. किती वर्षांनी भेटत होता! त्याच्याकडेच बघत बसले.

११ जानेवारी

मऊ ब्रशने धूळ झटकली. खालून हळूहळू पक्षी वर आला. पाठ वाळक्या तंबाखूच्या पानासारखी तपकिरी. पंखांवर बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा, टाकाने ओढाव्यात अशा. शेपूट लांब आणि टोकाशी कात्री मारल्यासारखी सरळ. डोकं आणि गळा काळा. डोळ्याभोवती उघड्या कातडीचं निळं कडं असतं, ते पार उडालंय. पाठ टिकली, पंख टिकले. छातीच तेवढी गेली.

पायांचा निराळाच घोळ. ज्याने कोणी पेंढा भरला त्याने तीन बोटं पुढे वळवलीत आणि एक मागे — चक्क कावळ्याची! कर्ण्याची दोन पुढे असतात, दोन मागे. एवढी वर्षं बिचारा परक्या पायांवर उभा होता. ओल्या कापसात गुंडाळून ठेवलेत. नरम पडले की वळवीन.

१२ जानेवारी

पाय वळले. एक नख तुटता तुटता वाचलं.

१७ जानेवारी

आज भांडण झालं. म्हणजे भांडण नव्हे. मॅडम आवाज चढवत नाहीत आणि मला चढवता येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये तेवढं एक शिकवायचं राहून गेलं.

छातीला कोणता रंग द्यायचा, एवढंच विचारायला गेले होते. त्यांनी संग्रहालयाचं छापील पुस्तक उघडून पुढे सरकवलं. त्यातला कर्णा फिकट गुलाबी, बाळाच्या दुपट्यासारखा. "हाच द्या."

"मॅडम, हे चित्र याच पक्ष्यावरून काढलंय. तेव्हाच तो विटलेला होता. कर्ण्याचा लाल टिकत नाही, पक्षी मेला की उडायला लागतो."

"मग खरा कसा असतो?"

"लालभडक. पार्सलवर लाख लावतात, तसा."

"तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"सातवीत."

हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, आपल्या डोंगरात हा पक्षी आता नाही. कित्येक वर्षांत कोणाला दिसलेला नाही. म्हणजे आपण काचेमागे जो ठेवू, तोच पुढच्या पोरांचा कर्णा. तो मी तुमच्या सातवीच्या भरवशावर ठेवू?"

मग जरा थांबून, "आणि तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना? त्यानंतर रंग वेगळे दिसतात म्हणतात."

दिसतात. उजवा डोळा नवा, डावा जुना. एकच पांढरा कागद उजव्याने निळसर दिसतो, डाव्याने पिवळसर. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. ऑपरेशनचं लेकीने सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही.

निघताना आणखी एक. "काळा गळा आणि लाल छाती यांच्या मध्ये पांढरा पट्टा हवा. या नमुन्यावर तो दिसत नाही." मी म्हटलं, पट्टा-बिट्टा काही नसतो. एकदा नाही म्हणायला लागले होते, म्हणून तेही म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं. फेब्रुवारी संपेपर्यंत मी खात्री पटवायची. नाही पटली तर पुस्तकातला गुलाबी. मी नाही लावला तर प्लॅस्टिकची फळं रंगवणारी एक कंपनी आहे, तिचा माणूस येऊन फवारून जाईल.

कर्ण्यावर फवारा!

१८ जानेवारी

दिवसभर सिस्टर आठवत राहिल्या. आमच्या चित्रकलेच्या सिस्टर. झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत कायम रंग. वर्गात फळ्यावर सफरचंद काढायला लावायच्या इतर शिक्षिका; या आम्हाला शनिवारी डोंगरावर न्यायच्या. दोघी दोघींची जोडी, हातात हात. पांढऱ्या बुटांना सकाळी खडू फासलेला, दुपारी त्यावर मातीचं पुट. एकदा वाटेत थबकल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या वाळक्या फांदीवर तो बसला होता. ताठ, खांबासारखा. आम्ही सगळ्या चिडीचूप. तो सावकाश वळला आणि सिस्टरच्या हातातला रुमाल गळून पडला.

पुढचं काही आठवत नाही. नुसता लाल आठवतो.

"रंग डबीतून घ्यायचा नसतो, डोळ्यांतून घ्यायचा असतो," असं सारखं म्हणायच्या. सिस्टर, तेव्हा माझे दोन्ही डोळे सारखे होते.

१९ जानेवारी

दादाला सांगितलं. दादा खालच्या मजल्यावर, मी वरच्या. त्याची नोकरी डोंगरातली पाण्याची पाइपलाइन तपासायची, सगळा जन्म त्या वाटांवर गेला. वहिनी गेल्यापासून मात्र डोंगराकडे फिरकलेला नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खिडकी.

"कर्णा ना? केशरी," म्हणाला, पेपरातून मान वर न करता.

"लाल, दादा."

"केशरी, चिमे. मी रोज बघायचो."

"तू लग्नाच्या वाढदिवसाला वहिनीला केशरी म्हणून जांभळी शाल आणली होतीस."

"ती तिला आवडली होती." मग पेपर खाली ठेवला.  "पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला ओरडायचा. हळू ओरडतो. लांबून कोणी कोणाला समजावत असावं, तसा. असेल अजून. नसेलही."

"बघून येऊ या का?"

"तुझे गुडघे?"

"तुझे?"

हसला. चांगलं आहे.

३ फेब्रुवारी

गेलो. दादाने वाटेत थांबून मोठ्या थाटात ओळखलेला आवाज होल्याचा निघाला. गुडघे दोघांचे गेले.

११ फेब्रुवारी

आहे! आहे, आहे, आहे!

पुन्हा वर गेलो होतो, टाकीच्याही वर, जिथे झाडं दाट होतात आणि दुपारीही संध्याकाळ वाटते. मी दमून बसले होते. दादाने नुसती हनुवटी उचलून दाखवलं. मला आधी काही दिसेना. मग एका वेलीचा गाठीसारखा भाग जरासा हलला — ती मान होती. बाकी सगळं अंग तसंच. बसतो तो असा बसतो, फोटोला उभं केल्यासारखा! मध्येच झेप घेतली, पानाखालचा किडा उडता उडता टिपला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन पुन्हा ताठ. उडाला तसा शेपटीचा पांढरा भाग चमकून गेला.

जरा खाली एक कुजलेला बुंधा होता. तिथे मादी. तिचं पोट हळदट, डोकं काळं नाही, साधी घरातली साडी नेसल्यासारखी. बुंधा इतका मऊ की चोचीने उकरलं की भुसा गळत होता. घरटं करतायत. दोघं पाळीने उकरत होते.

पण छाती? छाती काही दिसली नाही. आमचा गडी आमच्याकडे पाठ करून बसला. मी डावीकडे सरकले, तो फिरला. उजवीकडे सरकले, पुन्हा फिरला. पाठ आमच्याकडे आणि खांद्यावरून आमच्यावर नजर. तपकिरी, तपकिरी, नुसता तपकिरी.

"रुसलेल्या जावयासारखा बसलाय," दादा म्हणाला.

खाली उतरेपर्यंत हसत होतो. घरी आल्यावर रडू आलं. एवढ्या जवळून, आणि पाठ!

१२ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना दादा म्हणाला, "काल मी पलीकडून वळसा घेऊन आलो, तेव्हा तर तो माझ्याकडे पाठ करून होता. म्हणजे तोंड तुझ्याकडे. तेव्हा तरी बघितलंस की नाही?"

मी तेव्हा खाली वाकून पाचोळ्यात चष्मा शोधत होते.

मी कप खाली ठेवला. दादानेही ठेवला. दोघांच्या डोक्यात एकदमच आलं असणार, कारण तो म्हणाला, "म्हणजे मी बुजगावणं व्हायचं?"

त्याला ज्याची भीती, त्याच्याकडे तो पाठ करतो. छातीचा लाल लपवतो. मग एकाने उघड उघड समोर उभं राहायचं आणि दुसऱ्याने मागच्या बाजूला लपून बसायचं. भीती एकीकडे, लाल दुसरीकडे.

१४ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. विश्वास बसायला त्यांना वेळ लागला. पण एकदा बसल्यावर त्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आल्या. "मी येते," म्हणाल्या. लगेच कामाचं बोलल्या, तीच त्यांची तऱ्हा. "पण ताई, तुम्ही बघणार तुमच्या डोळ्यांनी आणि मी माझ्या. नंतर तुम्ही म्हणाल लाखेसारखा, मी म्हणेन नव्हे. शब्दांवर नको. काहीतरी बरोबर नेऊ."

त्यांच्याच डोक्यातून निघालं ते. कोंबडीची पांढरी पिसं घ्यायची. मी त्यांना माझ्या रंगाच्या पुड्यांमधले सगळे लाल द्यायचे, गुलाबीपासून केशरीपर्यंत. पुठ्ठ्यावर ओळीने टाचायची. आणि अगदी सारखे दोन पुठ्ठे करायचे. एक माझ्या मांडीवर, एक त्यांच्या. पक्ष्याकडे बघायचं, न बोलता ज्याचा त्याने आपला लाल निवडायचा, त्या पिसाचं टोक मुडपायचं. जुळलं तर तो रंग. नाही जुळलं तर पुस्तक.

हे मला पटलं. भीतीही वाटली. न जुळण्याचीच शक्यता जास्त. माझाच एक डोळा दुसऱ्याशी जुळत नाही.

२० फेब्रुवारी

पिसं रंगवतेय. सगळं घर कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसतंय. दादा वर आला, बघून म्हणाला, "अंडी कधी?"

२३ फेब्रुवारी

आल्या आल्या लिहायला बसलेय. 

उजाडता उजाडता निघालो. मॅडम आज पहिल्यांदा हळू चालल्या, आमच्यासाठी. दादाने मुद्दाम पांढरा स्वच्छ शर्ट घातला होता. बुजगावणं म्हटलं तरी नीटनेटकं असावं, म्हणाला. मॅडम आणि मी लांबून वळसा घालून पडलेल्या ओंडक्यामागे बसलो. पुठ्ठे मांडीवर. समोर कुजका बुंधा, त्याच्या वर ती फांदी. पलीकडे, वाटेवर, उघड्यावर दादा.

"तिथे उभा राहून मी करू काय?" निघताना त्याने विचारलं होतं.

"काही नाही. नजर रोखून बघ त्याच्याकडे. वहिनी तुझ्याकडे बघायची तसं."

कर्णा आला. बुंध्याकडे गेला, दोन चोची मारल्या, उडून फांदीवर बसला. आमच्याकडे शेपूट होती.  मग दादा एक पाऊल पुढे आला. पक्ष्याने मान वळवली, त्याला बघितलं. आणि मग सबंध पक्षी सावकाश फिरला. दादाकडे पाठ केली. छाती आमच्यासमोर आली.

लाखेसारखा नाही. मी चुकले होते. लाख त्याच्यापुढे जड, मेलेली. केशरीही नाही. सूर्यासमोर तळहात धरला की मिटलेल्या बोटांच्या फटींतून जो लाल दिसतो, आतून उजेड आलेला, तो. आणि काळ्या गळ्याखाली पांढरा पट्टा! बारीक, स्वच्छ, कॉलरच्या कडेसारखा. मॅडमनी कोपराने मला ढोसलं आणि स्वतःची कॉलर दाखवली. पट्ट्याची बाजी त्यांची.

मी डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. डाव्याने लाल जरा विटकरी, उजव्याने जरा गुलाबीकडे. दोन्ही उघडले. कोणावर विश्वास ठेवायचा? मग एक सुचलं, आणि इतकं साधं की आधी का सुचलं नाही कळेना. पिसं आणि पक्षी एकाच डोळ्याने बघायचे. डोळा कसाही असो, दोन्हींबद्दल सारखंच खोटं बोलेल. उजव्याने बघत एकेक पीस पक्ष्याच्या रेषेत धरलं. एका पिसापाशी पीस दिसेनासं झालं. नुसती छाती उरली. डाव्यानेही बघितलं. तेच पीस. टोक मुडपलं.

तो उडाला तरी आम्ही हललो नाही. मग मॅडमनी आपला पुठ्ठा माझ्या पुठ्ठ्याशेजारी ठेवला.

तेच पीस.

  त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बसून राहिल्या, सातवीतल्या जोडीसारख्या.

"झालं का?" वाटेवरून दादाची हाक. "माझ्या पायाला मुंग्या आल्यात. आणि मला मेल्याची नुसती पाठ दिसली."

२४ फेब्रुवारी

सगळं अंग दुखतंय. गाणं म्हणत होते म्हणे स्वयंपाकघरात. दादा सांगतो.

६ मार्च

रंग सुरू केला. पाण्यातला रंग चालत नाही, पिसं एकमेकांना चिकटतात आणि पक्षी भिजल्यासारखा दिसतो. रंगाची पूड स्पिरिटमध्ये कालवायची, बारीक कुंचल्याने एकेका पिसाच्या फक्त टोकाला. मुळाशी पांढरं राहू द्यायचं. उजेड तिथूनच येतो. एका वेळी बोटाच्या पेराएवढी जागा. मग उठायचं, लांबून बघायचं, पुन्हा बसायचं.

पट्टाही सापडला. कोणीतरी पूर्वी काळा रंग देताना त्याच्यावरून कुंचला फिरवला होता. स्पिरिटच्या बोळ्याने पुसत गेले तशी खालून पांढरी पिसं निघाली. मॅडमना बोलावून दाखवलं. "पट्टा-बिट्टा काही नसतो," त्या अगदी माझ्या आवाजात म्हणाल्या. छान नक्कल करतात. माहीत नव्हतं.

१९ मार्च

डोळ्याभोवतीचं निळं कडं केलं. हात एकदाही हलला नाही. या वयात!

२ एप्रिल

मादीही करायची ठरली, संग्रहालयाच्या कपाटात एक जुनी पडून होती. बुंध्याजवळ, उकरताना. मॅडमनी प्लॅस्टिकवाल्या कंपनीला स्वतः फोन करून नको म्हणून कळवलं. मला ऐकू जावं म्हणून दार उघडं ठेवून.

१४ एप्रिल

खोली उघडली. मी मागे भिंतीशी उभी होते. लोक घुबडापाशी बोलत होते, सुताराशी बोलत होते, वळून कर्ण्यापुढे आले की गप्प होत होते. आम्ही त्याला छाती समोर करून ठेवलाय. इथे लपवायला काही कारण नाही.

मॅडम भाषणात म्हणाल्या, हा रंग आम्ही कुठल्याही पुस्तकातून घेतलेला नाही. माझं नाव घेतलं, मग दादाचं, आणि दादाच्या कामाचं वर्णन "समोरची बाजू सांभाळली" असं केलं. तो ताठ उभा होता, अगदी फांदीवरच्यासारखा. सगळे पांगल्यावर काचेपाशी गेला. खूप वेळ होता तिथे. इतक्या वर्षांनी समोरून बघत होता ना.

"काय रे?" मी विचारलं.

"सुंदर झालाय, चिमे." मग माझ्याकडे न बघता, "केशरीच आहे."

घरी येताना मी सबंध रस्ता हसत होते. उद्या सकाळी पुन्हा डोंगरावर जायचंय म्हणतो, एकटा. पिल्लं बाहेर आली का बघायला.

२९ एप्रिल

मॅडमचा फोन. खोली उघडल्यापासून लोक येऊन एकच सांगतायत. टाकीवरचा पहारेकरी, दगडखाणीजवळच्या शाळेच्या बाई, लाकडं वाहणारा ड्रायव्हर, पलीकडच्या खोऱ्यातली एक म्हातारी — हा होय कर्णा? हा तर आमच्याकडे कायम असतो. संग्रहालयाची माणसं इतकी वर्षं पुस्तकातला गुलाबी पक्षी दाखवून त्या सगळ्यांना विचारत होती, हा दिसतो का. ते नाही म्हणत होते. खरंच सांगत होते.